एमईव्हीचा वाटा मिळतो का, हे नंतर विचार, आधी पैसा कोणाच्या पत्त्यावर पडतो ते बघ

पत्र असं आलंय:

"ताई, माझ्याकडे ४ एसटीइथ आहेत, लिडोचे, वर्षभर नुसते पडून आहेत. रोज वॉलेटमध्ये ठरल्यासारखं थोडंसं वाढतं. पण मागच्या महिन्यात मार्केट आपटलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम दुप्पट वाढलं. मित्र म्हणाला हे एमईव्ही आहे, लोकांना लुटून आलेला पैसा, आणि त्यातलाही मोठा हिस्सा ऑपरेटर आधीच खिशात घालतात, तुझ्यापर्यंत चिल्लर पोचते. वहिनीकडे आरइथ आहेत, तिचा आकडा तर वर्षभर हललाच नाही, मग तिला एमईव्ही मिळतच नाही का? आणि आता एका नव्या प्रोटोकॉलची जाहिरात बघितली, एमईव्ही १०० टक्के युजरला, एपीआर (वर्षाचा परतावा) ३२ टक्के. सगळं तिकडे हलवू का? तुमचा, गोंधळलेला स्टेकर."

(नवख्यांसाठी एका ओळीत: इथ हे इथेरियमचं चलन, ते नेटवर्ककडे तारण म्हणून लावून रिवॉर्ड घेणं म्हणजे स्टेकिंग, तारण लावून ब्लॉक मांडणारा तो व्हॅलिडेटर, त्याचं मशीन चालवणारा तो ऑपरेटर; लिडो आणि रॉकेट पूल लोकांचे इथ गोळा करून लावतात आणि बदल्यात एसटीइथ, आरइथ ही टोकन देतात.)

अरे गोंधळलेल्या, तुझा मित्र अर्धा बरोबर आहे आणि अर्धा बरोबर असलेला मित्र जास्त डोकं खातो, त्यामुळे जरा सावकाश घेऊया. हलवायचं की नाही ते शेवटी सांगते, आधी ऐकून घे कारण त्याशिवाय माझं उत्तर पण तुला जाहिरातीसारखंच वाटेल.

इथेरियमवर दर १२ सेकंदाला एक स्लॉट असतो आणि त्या स्लॉटचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, मांडायचा मान एकाच व्हॅलिडेटरला मिळतो. त्या १२ सेकंदांपुरता तो राजा. कुठला व्यवहार आत घ्यायचा, कुठला आधी, कुठला नंतर, कुठला बाहेर ठेवायचा, हे ठरवायची ताकद त्याच्याकडे, ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात तसं. या क्रम लावण्याच्या ताकदीतून जो जास्तीचा पैसा काढता येतो तो एमईव्ही, म्हणजे मॅक्सिमल एक्स्ट्रॅक्टेबल व्हॅल्यू. आधी यातला एम मायनरचा होता, २०१९ च्या एका रिसर्च पेपरपासून हा शब्द चालू झाला, पण सप्टेंबर २०२२ मध्ये मर्ज झालं, म्हणजे इथेरियम मायनिंग सोडून स्टेकिंगवर आलं, आणि मायनर राहिलेच नाहीत, तेव्हापासून लोक त्याला मॅक्सिमल म्हणतात. एम तोच ठेवला, बरं झालं, नाहीतर सगळ्यांना नवीन शब्द पाठ करायला लागला असता.

आता गंमत अशी की व्हॅलिडेटर स्वतः हे काही शोधत बसत नाही. सर्चर नावाची मंडळी असतात, म्हणजे बॉट चालवणारी, ती दिवसरात्र कुठे भावात फरक पडलाय, कुठलं कर्ज लिक्विडेशनला (तारण घसरलं म्हणून ते विकून वसूल करायला) आलंय हे शोधतात आणि आपले व्यवहार बिल्डरला देतात. बिल्डर अख्खा ब्लॉक जुळवतो आणि बोली लावतो, की माझा ब्लॉक घेतलास तर तुला इतके इथ देतो. मध्ये रिले असतो, तो बोली तपासतो आणि व्हॅलिडेटरने सही करेपर्यंत ब्लॉकच्या आत काय आहे ते दाखवत नाही, म्हणजे व्हॅलिडेटरने बघून चोरायचा प्रश्न नको. व्हॅलिडेटर एमईव्ही बूस्ट नावाचं सॉफ्टवेअर चालवतो आणि सगळ्यात मोठी बोली घेतो. बहुतेक ब्लॉक आज याच रस्त्याने येतात. आणि सर्चर एकमेकांशी इतके भांडतात की सरळसोट संधीतला बराचसा नफा बोली वाढवण्यातच जातो आणि फिरून व्हॅलिडेटरकडे येतो. ही बोली म्हणजेच तू ज्याला एमईव्ही रिवॉर्ड म्हणतोस ती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घे कारण सगळं याच्यावर अडलेलं आहे. स्टेकिंगचा पैसा दोन वेगळ्या खिशात येतो. एक कन्सेन्सस रिवॉर्ड, म्हणजे नेटवर्कचं काम नीट केल्याचं बक्षीस, तो व्हॅलिडेटरच्याच बॅलन्समध्ये जमतो, प्रोटोकॉल ठरवतो आणि ऑपरेटरला त्याला हात लावता येत नाही. दुसरा एक्झिक्युशनचा, म्हणजे आपला व्यवहार आधी घ्यावा म्हणून लोकांनी दिलेल्या प्रायॉरिटी फी आणि एमईव्हीची बोली (प्रत्येक व्यवहाराला लागणारी सक्तीची बेस फी नाही हां, ती ऑगस्ट २०२१ पासून जळूनच जाते, ती कोणालाच मिळत नाही). हा दुसरा पैसा ताबडतोब, सुटा, एका साध्या पत्त्यावर येऊन पडतो, त्याला फी रेसिपियंट म्हणतात, आणि हा पत्ता ऑपरेटर स्वतः आपल्या सेटिंगमध्ये लिहितो. स्वतः लिहितो! म्हणजे इथ तुझे, मशीन त्याचं, आणि पैसा कुठे पाठवायचा ती ओळ पण त्याच्याच हातात. त्यामुळे "एमईव्ही किती टक्के वाटता" हा प्रश्न दुसरा झाला, पहिला प्रश्न हा की तो पत्ता कोणाचा आहे आणि ऑपरेटरने दुसराच लिहिला तर त्याचं काय वाकडं होतं.

लिडोमध्ये काय होतं सांगते, कारण तुझे पैसे तिथे आहेत. तिथे ऑपरेटरने फी रेसिपियंट म्हणून लिडोच्या एका तिजोरीचा, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा (चेनवर आपोआप चालणाऱ्या कोडचा) पत्ता लावायचा असतो, आणि रिले पण ठरवून दिलेल्या यादीतलेच वापरायचे. सगळ्यांची एमईव्ही आणि प्रायॉरिटी फी त्या एकाच तिजोरीत. मग दिवसातून एकदा ओरॅकलचा (व्हॅलिडेटरचे आकडे कॉन्ट्रॅक्टला कळवणाऱ्या यंत्रणेचा) रिपोर्ट येतो, तेव्हा तिजोरीतला पैसा आणि कन्सेन्सस रिवॉर्ड मिळून एकत्र हिशोब होतो, लिडो एकूण रिवॉर्डमधून १० टक्के कापतो (मुद्दलातून नाही, रिवॉर्डमधून), त्यातून ऑपरेटर आणि डीएओ (लिडोचा कारभार बघणारी टोकनधारकांची संस्था) यांचं भागतं, आणि उरलेले ९० टक्के सगळ्या एसटीइथवाल्यांच्या आकड्यात वाढ म्हणून दिसतात. एमईव्हीला वेगळा दर नाही, तीच कात्री. म्हणून ऑपरेटर मोठा हिस्सा खातात हे मित्राचं म्हणणं लिडोपुरतं तरी नियमाने खरं नाही. नियम मोडून खाल्लं तर ती वेगळी गोष्ट, त्याच्याकडे मी पुढे येते.

तुझा आकडा दुप्पट का झाला? एखादा नशीबवान ब्लॉक लागला म्हणून नाही. हिशोब कर, लिडोमध्ये साधारण ९० लाख इथ धर, एका ब्लॉकमध्ये १० इथची बोली आली तरी तुझ्या ४ इथच्या वाट्याला कापून-बिपून ०.०००००४ येणार, दिसणार पण नाही. तुझं रोजचं ३ टक्क्यांच्या दराने ०.०००३ च्या आसपास असतं. ते दुप्पट व्हायचं तर त्या दिवशी हजारो ब्लॉक एकदम लठ्ठ झालेले असले पाहिजेत, आणि मार्केट आपटतं तेव्हा नेमकं हेच होतं, भाव इकडे एक तिकडे एक, लिक्विडेशनची रांग, जो तो फी वाढवून पुढे घुसतोय. मे २०२३ मध्ये मीम कॉइनचं वेड आलं होतं तेव्हा पण असंच, नेटवर्क तुंबलं आणि स्टेकर लोकांचे रिवॉर्ड चांगलेच फुगले. शांत दिवशी हेच सगळं सुकतं. त्यामुळे दुप्पट दिवस बघून वर्षाचं गणित मांडू नको, तो पगार नाही, पावसाळी ओढा आहे.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. लिडोने एका रिपोर्टमध्ये आकडा किती वाढू शकतो याला वरची मर्यादा ठेवलीय. तिजोरीत एखाद्या दिवशी अफाट पैसा पडला तर सगळा त्याच दिवशी वाटत नाहीत, उरलेला पुढच्या रिपोर्टवर जातो. का? कारण तिजोरी सगळ्यांना दिसते, उद्या मोठा वाटा पडणार हे कळल्यावर कोणीतरी भलीमोठी रक्कम घेऊन आदल्या रात्री आत येईल, सकाळी वाटा घेईल आणि निघून जाईल, आणि वर्षभर बसलेला तू बघत बसशील. एमईव्ही वाटण्याची पण एमईव्ही निघते, हे लोक काही सोडत नाहीत.

आता वहिनीचं. वहिनीला सांग काही बिघडलेलं नाही. तिचं आरइथ रॉकेट पूलचं, तिथे टोकनची संख्या वाढतच नाही, एका आरइथची किंमत इथच्या तुलनेत वाढत जाते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते सुरू झालं तेव्हा एकास एक होतं, आता एका आरइथला १.१ च्या वर इथ मिळतात. तू आकडा बघतोस, तिने दर बघायला पाहिजे, बास. वाढ त्यातच मुरलेली आहे आणि एमईव्ही पण.

पण रॉकेट पूलची रचना बघण्यासारखी आहे कारण तिथे ऑपरेटर कोणीही होऊ शकतो, घरात मशीन ठेवून, ओळखपाळख नाही, आणि अशा माणसाने फी रेसिपियंटमध्ये स्वतःचा पत्ता टाकायचा मोह कोणाला नाही होणार? म्हणून तिथे ऑपरेटरचे स्वतःचे इथ अडकवून ठेवलेले असतात, आणि पत्ता चुकीचा लावून पैसा लाटला तर दंड त्यातून. मुख्य पत्ते दोन, एक त्याच्या नोडसाठीचं वाटप करणारं कॉन्ट्रॅक्ट, दुसरा स्मूदिंग पूल.

हा स्मूदिंग पूल समजून घे, कारण एमईव्हीचा खरा स्वभाव यातून कळतो. ३२ इथचा एक व्हॅलिडेटर आणि असे दहा लाख व्हॅलिडेटर धरले, दिवसाला ७,२०० ब्लॉक, तर एका व्हॅलिडेटरची पाळी साधारण १३९ दिवसांनी येते. वर्षात दोन-तीनदा. आणि त्या पाळीत बहुतेक वेळा इथच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी मिळतं. पण कधीतरी कोणालातरी एकाच ब्लॉकमध्ये शेकडो इथ मिळतात. म्हणजे सरासरी छान दिसते पण ती सरासरी बहुतेकांना भेटतच नाही, ती दोन-चार लोकांच्या घरी राहते. लॉटरीच ही. तर स्मूदिंग पूलमध्ये जे ऑपरेटर येतात ते सगळे आपली लॉटरी एका टोपलीत टाकतात आणि दर २८ दिवसांनी वाटून घेतात, आरइथवाल्यांचा हिस्सा काढून. ज्याला शेकडो इथचा ब्लॉक लागला त्याला त्या दिवशी नक्कीच वाईट वाटत असणार, पण बाकी सगळे महिने तोच मजेत असतो. लिडोमध्ये एकच तिजोरी असल्यामुळे हे काम आपोआप होतं, तिथे वेगळा पूल लागत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा, ऑपरेटर चोरतात. चोरता येतं का? येतं. पण लपवणं अवघड, कारण सगळं चेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत आहे. इथे लोक एक चूक करतात, एक्सप्लोररवर (चेन बघायच्या वेबसाइटवर) ब्लॉक उघडतात, फी रेसिपियंटमध्ये कुठल्यातरी अनोळखी बिल्डरचं नाव दिसतं आणि बोंब मारतात की चोरी झाली. तसं नसतं बाबा, एमईव्ही बूस्टने आलेल्या ब्लॉकमध्ये बिल्डर तिथे स्वतःचाच पत्ता टाकतो आणि ब्लॉकच्या अगदी शेवटच्या व्यवहारातून व्हॅलिडेटरच्या पत्त्यावर बोलीची रक्कम पाठवतो. तो शेवटचा व्यवहार बघायचा, तो तिजोरीकडे गेलाय की नाही. रिलेवाले पण कोणाला किती बोली दिली ते उघड ठेवतात, ताडून बघता येतं. लिडोने २०२४ मध्ये कोणालाही ऑपरेटर होता येईल असं कम्युनिटी मॉड्यूल आणलं, तिथे पण तारण ठेवायला लागतं आणि फी लाटली तर तारण गोठवून दंड. जुन्या, निवडून घेतलेल्या कंपन्यांकडून मात्र तसं तारण घेतलं नव्हतं, तिथे जोर त्यांच्या नावावर. मला स्वतःला तारणवाली पद्धत जास्त पटते, नाव काय, एका दिवसात जातं. बिल्डर आणि ऑपरेटर यांनी चेनबाहेर आपसात काही ठरवलं तर मात्र ते कोणालाच दिसणार नाही, हे पण तुला सांगून ठेवते.

आता लुटीचा पैसा का, हा प्रश्न तू पत्रात जरा घाबरत विचारलायस असं मला वाटलं. सगळी एमईव्ही एकाच माळेची नाही. दोन ठिकाणचा भाव जुळवणारा आर्बिट्राज, त्याच्याशिवाय डेक्सवरचे (कॉन्ट्रॅक्टवर चालणाऱ्या बाजारांवरचे) भाव दिवसभर वाकडेच राहिले असते. लिक्विडेशन, ते झालं नाही तर कर्ज देणारे बुडतात. पण सँडविच म्हणजे सरळ खिसा कापणं. तू मोठा स्वॅप (एका टोकनचं दुसरं करण्याचा व्यवहार) टाकतोस, बॉट तुझ्या आधी घेतो, भाव चढवतो, तुला चढ्या भावात पडतं, आणि तुझ्या मागोमाग तो विकून मोकळा. माझं झालंय हे. घाईघाईत रात्री एक स्वॅप केला, स्लिपेज (ठरल्या भावापेक्षा किती वाईट भाव चालेल ती मर्यादा) ३ टक्के ठेवलेलं तसंच राहिलं, आणि बरोबर जवळजवळ तेवढंच कमी हातात पडलं. दुसऱ्या दिवशी ब्लॉक उघडून बघितला तर माझ्या व्यवहाराच्या वर एक आणि खाली एक, दोन्ही त्याच बॉटचे, आणि ब्लॉक मांडणारा व्हॅलिडेटर कोणाचा तर ज्या पूलचं टोकन मी स्वतः धरून बसले होते त्याचाच! म्हणजे माझ्याच खिशातून गेलेल्या पैशाचा एक कण मला रिवॉर्ड म्हणून परत आला. हसावं की रडावं.

त्याहून वाईट पण असतं. ३० जुलै २०२३ ला कर्व्ह या डेक्सचे काही पूल व्हायपर या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरमधल्या दोषामुळे लुटले गेले, त्या धावपळीत बॉट एकमेकांच्या पुढे घुसायला जीव तोडून बोली लावत होते आणि काही व्हॅलिडेटरना एकेका ब्लॉकमध्ये शेकडो इथ मिळाले. ते मेलेल्याच्या टाळूवरचं लोणीच होतं, दुसरा शब्द नाही. तू एसटीइथ विकून टाकलास म्हणून ते थांबणार नाही, तुझा वाटा दुसऱ्याला जाईल एवढंच, त्यामुळे या कारणासाठी विक असं मी म्हणणार नाही. पण मनाला लागत असेल तर ते लागणं चुकीचं आहे असं पण म्हणणार नाही. सोलाना या दुसऱ्या चेनवर बघ, तिथे जिटोचं स्टेकिंग टोकन याच एमईव्ही वाटपावर मोठं झालं, बॉट टिप देतात, व्हॅलिडेटर आपलं कमिशन कापतो आणि बाकीचं इपॉक (चेनचा ठराविक कालखंड) संपल्यावर स्टेक करणाऱ्यांकडे येतं, पण मार्च २०२४ मध्ये त्यांनी सँडविचच्या त्रासापायी आपला मेमपूलच (ब्लॉकमध्ये जायच्या आधी व्यवहार थांबतात ती जागा) बंद केला, कमाईचा रस्ता असून. (सोलानावाले वाचत असतील तर, टिप वाटली जाते म्हणजे प्रायॉरिटी फी पण वाटली जाते असं समजू नका, ती व्हॅलिडेटरकडेच जाते, त्याने स्वतःहून दिली तर दिली.)

बरं आता तो ३२ टक्केवाला. मी तुला एक चित्र काढून दाखवते. समज नवा प्रोटोकॉल आहे, ५० व्हॅलिडेटर, म्हणजे १,६०० इथ. वर काढलेल्या हिशोबाने त्यांना आठवड्यात दोन-तीन ब्लॉक मिळतात. एका आठवड्यात त्यातला एक लागला १० इथचा. १० भागिले १,६०० म्हणजे ०.६२५ टक्के, त्याला ५२ आठवड्यांनी गुणलं की ३२.५ टक्के एपीआर, झाली जाहिरात तयार! खोटं काहीच बोलले नाहीत, फक्त एका आठवड्याचं नशीब वर्षाला चिकटवलं. पुढच्या आठवड्यात तोच आकडा ३ वर येतो पण तोपर्यंत तू आत गेलेला असतोस. तुझ्या जाहिरातीत हेच झालंय की त्यांच्या स्वतःच्या टोकनची भर टाकून फुगवलंय ते मला इथून दिसत नाही, पण ७ दिवसांचा एपीआर आहे की ९० दिवसांचा आणि त्यातला किती इथमध्ये आहे, एवढं त्यांना विचार, उत्तर गोलगोल आलं तर समज.

आणि १०० टक्के एमईव्ही युजरला म्हणजे कशाचे १०० टक्के? ऑपरेटरच्या पत्त्यावर पैसा पडून तो नंतर स्वतः मोजून पाठवणार असेल तर तो जेवढा दाखवेल त्याचे १०० टक्के. त्यापेक्षा सरळ कॉन्ट्रॅक्टमध्ये पडणाऱ्या पैशाचे ९० टक्के मला कधीही चालतील. बरेचदा असंही असतं की एमईव्हीवर कमिशन शून्य आणि कन्सेन्सस रिवॉर्डवर घसघशीत, तिथून वसूल, आणि कन्सेन्सस रिवॉर्डच शांत काळात मोठा असतो. काही ऑपरेटर अजून एक खेळ करतात, बोली मागायला मुद्दाम उशीर करतात कारण शेवटच्या क्षणापर्यंत बोली वाढत जाते, थोडं जास्त मिळतं पण फारच ताणलं तर स्लॉटच हुकतो आणि मग शून्य. जास्त एमईव्हीची फुशारकी मारणाऱ्याला हे पण विचारून बघ, चेहरा बघण्यासारखा होतो.

तर माझं मत, हलवू नको. निदान सगळं तर नाहीच. एपीआरमध्ये खरा फरक एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असतो आणि त्यासाठी तू नवीन कॉन्ट्रॅक्टचा धोका, पातळ लिक्विडिटी (विकायला गेलं तर गिऱ्हाईक कमी) आणि बाहेर पडायची अडचण घेणार. जून २०२२ आठवतं का, एसटीइथ सारखं मोठं टोकन ०.९४ इथ एवढ्या किमतीपर्यंत खाली आलं होतं, तेव्हा तर इथ काढायची सोयच नव्हती, ती इथेरियमवर एप्रिल २०२३ मध्ये आली. आज रांग लावून एकास एक काढता येतं, रांग कधी दिवसांची कधी आठवड्यांची, पण नव्या छोट्या टोकनचा पूल अशा दिवशी किती खोल असेल याचा विचार कर.

तरी हात शिवशिवत असतील तर अर्धा इथ टाकून बघ, तीन महिने ठेव, आणि त्यांच्या दहाएक ब्लॉकचे शेवटचे व्यवहार उघडून पैसा कुठे गेला ते स्वतः मोज, एका संध्याकाळचं काम आहे, मजा पण येते. फक्त तो अर्धा इथ डेक्सवर स्वॅप करून बदलणार असशील तर खाजगी आरपीसी (वॉलेटमधून व्यवहार पाठवायचा आडवाटेचा रस्ता) लावून कर, फ्लॅशबॉट्स प्रोटेक्ट किंवा एमईव्ही ब्लॉकर, वॉलेटमध्ये दोन मिनिटांत जोडता येतं, व्यवहार उघड्या मेमपूलमध्ये जात नाही आणि तुझ्या व्यवहारामागून कोणी कमावलं तर त्यातलं काही तुला परत पण येतं. आणि स्लिपेज आधी कमी कर, ते माझ्यासारखं ३ वर राहिलेलं असेल.